सगळ्यांना १२०/८० वाटणाऱ्या व्यापाऱ्यास खुलं पत्र

बिननावाचं बीपी मशीन विकणारे महाशय,

पत्राच्या मायन्यात तुमचं नाव घालता आलं नाही, कारण खोक्यावर तुम्ही ते छापलेलंच नाही. खोक्यावर लाल हृदय आहे, त्याला छेदून जाणारी हिरवी रेघ आहे, पांढऱ्या कोटातला एक हसरा परदेशी डॉक्टर आहे आणि ‘हॉस्पिटल ग्रेड’, ‘१०० टक्के अचूक’, ‘फ्री साइज पट्टा’ अशी तीन ब्रीदं आहेत. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, बॅच नंबर नाही, परवाना क्रमांक नाही. किंमत तेवढी दोनदा आहे, एक खोडलेली आणि एक न खोडलेली. ज्याला पत्ताच नाही त्याला चव्हाट्यावरच लिहावं लागतं.

तुमचं मशीन दिवाळीच्या सेलमध्ये कराडला माझ्या आत्याच्या घरी आलं. पुण्यातल्या मुलानं आईच्या काळजीपोटी मागवलं होतं. आत्या अंगानं काटकुळी, बीपीची गोळी तिला कित्येक वर्षं चालू. तुमच्या मशीनवर तिचं वरचं बीपी कधी ११८, कधी १२६, खालचं ७६ ते ८०. आकडे बघून घर खूश झालं. मग गोळी अर्धी झाली, नंतर एक दिवसाआड झाली आणि एके दिवशी बंदच झाली. “मशीन रोज नॉर्मल दाखवतंय, मग कशाला उगाच गोळ्या?” असं ती म्हणायची, आणि समोर रोज तो आकडा दिसत असताना तिचं काय चुकलं? पुढे गुडघ्याच्या दुखण्यासाठी ती दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तिला जरा बसू दिलं, दंडाला पट्टा बांधला, स्टेथोस्कोप कानाला लावला आणि मोजलं. १७८/१०४. दुसऱ्या हातावरही जवळपास तेवढंच. त्यांनी तिला घरचं मशीन घेऊन यायला सांगितलं. त्याच खुर्चीत, त्याच दंडावर, डॉक्टरांच्या मोजणीनंतर काही मिनिटांत तुमच्या मशीननं निकाल दिला: १२९/८२. डॉक्टरांच्या मोजणीत या वेळीही १७८ च होतं.

वरच्या बीपीत ४९ अंकांची तफावत. ती कुठून आली, हे मी बसून समजून घेतलं. तुम्हालाही सांगते, म्हणजे पुढच्या मालाची ऑर्डर देताना ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ हे वाक्य तुमच्याकडे शिल्लक राहणार नाही.

पट्ट्यात हवा भरली की दंडातली रोहिणी दाबली जाते. हवा हळूहळू सोडली की रक्ताची धडक पुन्हा सुरू होते आणि त्या धडकेची थरथर पट्ट्यातल्या हवेत उमटते. ही थरथर वाढत जाते, शिगेला पोचते आणि ओसरते. घरगुती मशीन एवढंच ऐकतं. थरथर शिगेला असते तेव्हाचा दाब म्हणजे सरासरी दाब, आणि मशीनला खऱ्या अर्थानं सापडतो तो तेवढाच. पडद्यावर दिसणारं वरचं आणि खालचं बीपी मशीननं मोजलेलं नसतं. ते त्या थरथरीवरून एका सूत्रानं काढलेलं असतं. सूत्र ज्या त्या कंपनीचं, आणि ते गुपित असतं. डॉक्टर स्टेथोस्कोपनं जे ऐकतात ते रोहिणीतले आवाज, निकोलाय कोरोत्कोव या रशियन शल्यचिकित्सकानं १९०५ साली सांगितलेले. तुमच्या मशीनला ते ऐकूच येत नाहीत.

म्हणजे घरच्या मशीनचा सगळा भरवसा त्या सूत्रावर. आणि सूत्र बरोबर आहे की नाही हे ठरवायचा मार्ग एकच, माणसांच्या दंडावर ताडून पाहणं. त्यासाठी २०१८ साली जगभरातल्या तज्ज्ञसंस्थांनी मिळून एकच कसोटी ठरवली. किमान ८५ माणसं घ्यायची, त्यात बायका आणि पुरुष दोन्ही पुरेसे, बीपी कमी असलेले आणि १६० च्या वर गेलेलेही. दोन प्रशिक्षित माणसांनी एकमेकांचे आकडे न बघता स्टेथोस्कोपनं मोजायचं, मग मशीननं मोजायचं. सरासरी फरक ५ पेक्षा जास्त नको आणि फरकांचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, ८ पेक्षा जास्त नको. यात उतरलेल्या मशीनांची यादी ‘स्ट्राइड बीपी’ या नावानं इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. तुमच्या मशीनचा मॉडेल नंबर मी त्या यादीत शोधला. खोक्यावर एक आणि मशीनच्या पाठीवर दुसरा, म्हणून दोन्ही शोधले. एकही नाही.

सांगा मला, तुम्ही कुणाच्या दंडावर ताडून पाहिलंत? ८५ जाऊ देत, स्वतःच्या आईच्या तरी?

आत्यानंतर आम्ही घरातल्या सगळ्यांचं बीपी तुमच्या मशीनवर घेतलं. कॉलेजात जाणारा भाचा, बीपीची दुसरी गोळी नुकतीच सुरू झालेले काका, बाळंतपणाला आलेली बहीण. सगळे ११५ आणि १३० च्या मध्ये. तुमच्या यंत्रापुढे सगळे सारखेच निरोगी. असं सूत्र चुकून लिहिलं जात नाही. ज्या आकड्याला गिऱ्हाईक तक्रार करत नाही, माल परत पाठवत नाही आणि पाच तारे देतं, तो आकडा तुम्हाला सापडलेला आहे.

तुम्ही या वाटेवरचे पहिले नाही. अमेरिकेत २०१४ साली फोनवर बीपी मोजणारं एक अ‍ॅप विकायला आलं. पट्टा नको, काही नको, फोन छातीला लावायचा आणि बोट कॅमेऱ्यावर ठेवायचं. लाखाच्या वर लोकांनी ते विकत घेतलं. २०१६ साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ते तपासलं, तर ज्यांचं बीपी खरोखर वाढलेलं होतं अशा चौघांतल्या तिघांहून अधिक लोकांना ते अ‍ॅप ‘सगळं ठीक’ सांगत होतं. तिथल्या व्यापार आयोगानं त्या कंपनीवर कारवाई केली. मला यातली भयंकर गोष्ट वाटते ती ही की लोकांना ते अ‍ॅप आवडत होतं. मनासारखा आकडा दाखवणारं यंत्र कुणी फेकून देत नाही. तुमचा सगळा धंदा माणसाच्या या स्वभावावर उभा आहे.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२० साली तिथल्या ऑनलाइन बाजारातली ९७२ बीपी यंत्रं तपासून पाहिली. दंडावर बांधायच्या यंत्रांपैकी कसोटीला उतरलेली पाचात एकसुद्धा पुरती भरली नाहीत. घड्याळासारख्या पट्ट्या तर पाचशेच्या वर होत्या आणि त्यात एकही नव्हती. श्रीमंत, शिस्तीच्या देशातला हा बाजार. आपल्याकडच्या सेलमध्ये काय असेल याची कल्पना तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आहे, कारण माल तुम्ही भरता.

आता तुमचा ‘फ्री साइज’ पट्टा. इटलीत रिवा-रोची यांनी १८९६ साली दंडाला गुंडाळायचा फुगता पट्टा काढला. तो अरुंद होता, आणि अरुंद पट्ट्यानं आकडा खोटा वाढतो हे १९०१ सालीच फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी दाखवून दिलं. म्हणजे पट्टा दंडाच्या मापाचाच हवा हे ज्ञान तुमच्या धंद्याहून शंभर वर्षांनी मोठं आहे. अलीकडचा आकडा हवा असेल तर तोही आहे. बाल्टिमोरमधल्या १९५ माणसांवर केलेला एक प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना सगळ्यात मोठ्या मापाचा पट्टा हवा होता त्यांना मधल्या मापाचा बांधला, तर वरचं बीपी जवळपास २० अंकांनी जास्त आलं. मोठ्या मापाचा हवा असताना मधला बांधला तर सुमारे ५ नं जास्त. आणि बारीक दंडाच्या माणसाला मधला बांधला तर साडेतीन अंकांनी कमी. आत्याच्या ४९ अंकांपैकी साडेतीन तुमच्या पट्ट्याच्या नावावर लिहू. उरलेले साडेपंचेचाळीस सूत्राच्या खाती.

एकाच मापाची चप्पल सगळ्या गावाला विकणाऱ्याला गाव दुसऱ्या दिवशी शोधून काढेल, कारण चप्पल चावते. पट्टा चावत नाही. जाड दंडाची बाई अशा पट्ट्यामुळे नको त्या गोळ्या घेत राहते, आत्यासारखी बारीक बाई हव्या त्या सोडते, आणि दोघींनाही काही टोचत नाही. खोक्यावर दंडाच्या घेराचे दोन आकडे छापायला, २२ ते ३२ सेंटिमीटर असे, तुम्हाला किती शाई लागली असती? आणि ३२ च्या वरच्यांसाठी मोठा पट्टा वेगळा विकायला?

बहिणीचं सांगितलं, तिथे जरा थांबते. गरोदरपणात बीपी वाढणं आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. नेमक्या याच अवस्थेत, झटक्यांपर्यंत जाऊ शकणाऱ्या त्या आजारात, अनेक साधी मशीन्स आकडा कमी दाखवतात. म्हणून गरोदर बायकांसाठी मशीनची कसोटी वेगळी घ्यावी लागते, सर्वसाधारण कसोटीत उतरलेलं मशीनही त्यांना आपोआप चालत नाही. तुमच्या खोक्यावर हसऱ्या डॉक्टरशेजारी पोटावर हात ठेवलेल्या बाईचं चित्र आहे. ते कुणाला विचारून छापलंत? ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात त्यांच्याबाबतीतही थरथरीचं हे गणित डळमळतं, तिथे एका मोजणीवर विसंबून चालत नाही. याबद्दलही तुमच्याकडे अवाक्षर नाही.

एप्रिल-मे २०२१ मी विसरलेली नाही, तुम्हीही विसरू नये. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर घेऊन आरोग्यपथकं घरोघर फिरली होती, तेव्हापासून बोटाला लावायचा तो चिमटा खेडोपाडी ओळखीचा झाला होता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याचा आकडा ९४ च्या खाली गेला की खाटेसाठी धावाधाव सुरू व्हायची. आणि त्याच दिवसांत तुमच्या जातकुळीतल्या व्यापाऱ्यांनी बाजारात असे चिमटे ओतले की त्यात बोटाऐवजी पेन घातला तरी ९८ यायचे. चांगल्या ऑक्सिमीटरलाही हलती वस्तू कधी फसवू शकते, हे मला माहीत आहे. पण स्थिर ठेवलेल्या पेनाचा प्राणवायू ठामपणे सांगणारं यंत्र दम लागलेल्या माणसाला काय सांगत असेल? जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास या यंत्राचं मूळ तत्त्व शोधलं. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून पाठवायचे आणि नाडीबरोबर बदलणाऱ्या शोषणाचं गुणोत्तर काढायचं. त्या गुणोत्तराचा टक्का करायचा तर पुन्हा माणसांच्याच रक्ताशी ताडून पाहावं लागतं, दुसरा रस्ता नाही. ताडून पाहिलेल्या यंत्रांतही खोट निघते. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये छापलेल्या अभ्यासात, ऑक्सिमीटर ठीक सांगत असताना रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात घसरलेला असण्याचं प्रमाण काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं, ११.७ टक्के विरुद्ध ३.६. सावळ्या कातडीच्या देशात हा चिमटा विकणाऱ्यानं याचा अर्थ स्वतःला विचारायला हवा होता. तुम्ही विचारलात तो फक्त भाव.

भावाचं म्हणाल तर सरकारला त्यातही हात घालावा लागला. जुलै २०२१ मध्ये ऑक्सिमीटर, बीपी मशीन, ग्लुकोमीटर, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटर या पाच वस्तूंवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली गेली, कारण वितरकाच्या भावापासून एमआरपीपर्यंतचा नफा काही ठिकाणी ७०९ टक्क्यांवर पोचला होता. वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम आहेत, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून सर्व वर्गांतल्या मोजमाप करणाऱ्या उपकरणांना परवाना सक्तीचा आहे. बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, लॉट नंबर, परवाना क्रमांक, परदेशी माल असेल तर आयात परवाना, हे सगळं खोक्यावर असायला हवं. या पत्राचा वाचक आता मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन मशीन घेताना आधी हेच बघेल. मग मॉडेल नंबर यादीत शोधेल, मग टेपनं दंडाच्या मधोमध घेर मोजून पट्टा मागेल, आणि मनगटावरचं मशीन सोडून दंडावरचं घेईल. असं मशीन साधारण दोन हजारांच्या आसपास मिळतं. तुमचं नऊशेला मिळालं. आत्याच्या दवाखान्याच्या, तपासण्यांच्या आणि ईसीजीच्या खर्चाची पावती मी जपून ठेवली आहे, ती तुमच्या नऊशेत मिळवा.

तुमच्या खोक्यातलं माहितीपत्रक चिनी आणि मोडक्या इंग्रजीत आहे. कराडच्या माणसानं ते वाचायचं कसं? मी मराठीत लिहून देते, छापा. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, मशेरी नको, जिने चढणं नको. लघवीला जाऊन या. पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत बसा, दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय नको, खाली मांडी घालून नको. पाच मिनिटं शांत बसा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या वर दोन बोटं. ब्लाउजची किंवा शर्टाची बाही वर सारून दंडाला आवळू नका, सरळ हात बाहीतून काढा. हात टेबलावर असा टेकवा की पट्टा छातीच्या पातळीत येईल. दंड दहा सेंटिमीटर खाली राहिला तर आकडा सातेक अंकांनी वाढतो. मोजताना बोलू नका, टीव्ही बंद, फोन बाजूला. पहिल्या वेळी दोन्ही हातांवर घ्या, नंतर ज्या हातावर जास्त येतं तोच धरा. सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, आणि संध्याकाळी जेवणाआधी तसंच दोनदा. असं सात दिवस. आलेले सगळे आकडे वहीत लिहा, आवडलेले तेवढेच नको. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, हातपाय किंवा जीभ लुळी पडणं यातलं काही असेल तर वही राहू द्या, माणूस दवाखान्यात न्या. आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात: मशीनवर आकडा चांगला आला म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. आकडा चांगला आला असेल तर बहुधा गोळीमुळेच आला असेल.

एवढं सगळं एका पानात बसतं. तुम्ही ते पान हसऱ्या डॉक्टरला दिलंत.

आमचा सातारा जिल्हा देशाच्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या अगदी पहिल्या जिल्ह्यांपैकी. सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा हे बरोबरचे. २०१७ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बीपी मोजायचं, कार्डावर लिहायचं, गोळ्या फुकट द्यायच्या, महिन्यानं पुन्हा बोलवायचं, न आलेल्याचा पाठपुरावा करायचा, असं काम तिथली माणसं करत आली आहेत. नर्सबाई नि आशाताई एकेका रुग्णाला गोळीवर टिकवण्यासाठी किती वेळा तेच तेच समजावतात, हे मी बघितलेलं आहे. बीपी दुखत नाही, म्हणून माणसाला गोळीचं महत्त्व पटायला वर्षं लागतात. तुमचं मशीन ते पटलेलं आठवड्याभरात पुसून टाकतं. माझा खरा राग यावर आहे.

मशीन, खोकं आणि दवाखान्यात शेजारी शेजारी घेतलेल्या आकड्यांची नोंद यांसह अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वरही नोंदवली आहे. ते त्यांच्या गतीनं होईल. तुम्हाला मात्र दोन कामं आजच करता येतील. आता ऐकते की पुढचा माल म्हणून तुम्ही सुई न टोचता शुगर सांगणारं घड्याळ आणता आहात. अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्येच जाहीर केलं आहे. इन्शुलिन घेणाऱ्यानं त्या आकड्यावर डोस ठरवला तर त्याला वर्षं नव्हे, एक रात्र पुरेल. ती ऑर्डर रद्द करा.

आणि बीपी मशीन घेतलेल्या प्रत्येकाचा मोबाइल नंबर तुमच्याकडे आहे. सणासुदीला सवलतीचे संदेश त्यावर न चुकता येतात. त्याच नंबरांवर मराठीत एक संदेश पाठवा: ‘आम्ही विकलेलं मशीन तपासलेलं नाही. त्याच्या आकड्यावर गोळी कमी केली असेल तर उद्याच डॉक्टरांना भेटा. पैसे परत घ्यायला या पत्त्यावर या.’ आणि खाली पत्ता द्या.

कराडच्या एका गिऱ्हाइकाची भाची